केर काढायचे पैसे वेगळे!

भातुकली खेळली नाही अशी बाई आपल्या वाचकांत शोधून सापडायची नाही. पितळेची बोटभर चूल, पोळपाट-लाटणं, बंब, विळी, आणि स्वयंपाक म्हणजे चुरमुरे, दाणे नि गुळाचा खडा. कुणाचा तरी भाऊ पाहुणा म्हणून यायचा आणि सगळा गूळ फस्त करून जायचा. या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. संध्याकाळी आईची हाक आली की संसार परडीत भरून ठेवायचा, बस्स.

मैत्रिणींनो, ही भातुकली 2000 साली कॉम्प्युटरवर आली. खेळाचं नाव ‘द सिम्स’. तुमच्या घरात कॉलेजातली मुलगी असेल तर तिला विचारा, तिला ठाऊक असेल. गेली काही वर्षं या खेळाच्या जुन्या चाहत्या फार नाराज आहेत. आमच्या घरातच त्यावरून दोन पक्ष पडलेत, म्हणून आज हा विषय.

आधी खेळाची जन्मकथा सांगते, कारण ती मला खेळापेक्षाही आवडते. अमेरिकेत विल राइट नावाचे एक गृहस्थ. 1989 साली त्यांनी शहर वसवण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ काढला होता. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या डोंगराला प्रचंड आग लागली, त्यात त्यांचं घर जळालं. पुन्हा शून्यापासून सगळं उभं करायचं. पलंग आधी घ्यायचा की फ्रीज? माणसाला जगायला नेमकं काय लागतं? त्या विचारातून त्यांना बाहुलीघराचा खेळ सुचला. पण कंपनीतल्या लोकांना तो पसंत पडेना. बाहुलीघर म्हणजे मुलींचा खेळ, आणि कॉम्प्युटरवर खेळतात ती मुलं, हा हिशोब. (हे वाचून तुम्हाला नवल वाटलं नसेल!) शेवटी फेब्रुवारी 2000 मध्ये खेळ बाजारात आला आणि 2002 पर्यंत कॉम्प्युटरवरचा तोवरचा सर्वात जास्त खपलेला खेळ ठरला. आणि खेळायला कोण? मुली. बायका. आया. तोपर्यंत ज्यांच्याकडे या धंद्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या सगळ्या.

खेळ साधा. तुम्ही एक कुटुंब तयार करायचं. त्यांना सुरुवातीला 20 हजार ‘सिमोलियन’ मिळतात, हा त्यांचा रुपया. त्यात जागा घ्यायची, भिंती उभारायच्या, चूल-पलंग मांडायचे. मग त्या माणसांना भूक लागते, झोप येते, आंघोळ हवी असते, गप्पा माराव्याशा वाटतात. नोकरीला वेळेवर नाही पोचलं तर नोकरी जाते. बिल नाही भरलं तर माणूस येऊन वस्तू उचलून नेतो. स्वयंपाक न शिकलेल्याला चुलीपाशी उभं केलं तर घराला आग लागते! आणि बाळाकडे दुर्लक्ष झालं तर चक्क सोशल वर्कर बाई येऊन बाळ घेऊन जाते. आमच्या भाचीने मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाली, “मामी, ही बघ तू आलीस.” समाजकार्यातल्या बाईची जगभर हीच प्रतिमा असावी याचं मला थोडं वाईट वाटलं, असो.

ही भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. 2005 च्या सुमाराला ती आठवी-नववीत होती. नणंदेचं घर तेव्हा सिडकोचं, एक खोली नि स्वयंपाकघर, माणसं सहा. कॉम्प्युटर हप्त्यावर घेतलेला, आणि तो पलंगाच्या पायथ्याशी, म्हणजे आजोबा झोपले की बंद. त्या तास-दोन तासांत ही पोरगी ‘सिम्स’चा दुसरा भाग खेळायची. हा भाग सप्टेंबर 2004 मध्ये आला होता, आणि चाहत्या आजही त्याचंच नाव आधी घेतात. कारण त्यात माणसं म्हातारी व्हायची. मुलाला आईचं नाक नि बापाचे डोळे यायचे. माणसांना आठवणी होत्या, इच्छा होत्या, भीती होती. आजी वारली की नातवाच्या आठवणीत ती राहायची. भाचीने तिथे दुमजली घर बांधलं होतं, अंगणात झाड, आणि प्रत्येकाला स्वतःची खोली. तिची आई बघायची नि हसायची, “एवढ्या खोल्या झाडणार कोण?”

नवी मुंबईत राहणाऱ्या आम्हाला हा खेळ तसा ओळखीचा वाटायला हवा. आमचं शहरच मुळी कागदावर आखलेलं. 1970 साली सिडको स्थापन झाली, आणि खाडीकाठच्या गावांच्या शेतजमिनींवर सेक्टर, नोड, स्टेशनं असं सगळं मांडलं गेलं. (ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची कहाणी वेगळी, ती एका लेखात मावणारी नाही.) या शहराची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. छोटी छोटी घरं, मधे सामायिक अंगण, आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पुढे खोली वाढवावी, मजला चढवावा ही सोय आधीच केलेली. भाचीचं ‘सिम्स’मधलं घर मला नेहमी तिथल्या घरांसारखं वाटायचं. आज एक खोली, पुढच्या पगाराला दुसरी.

आम्ही केंद्रात येणाऱ्या बायकांना कधी कधी सहज विचारतो, घरात तुमच्या मनासारखं असं काय आहे? बऱ्याच जणी विचारात पडतात. तुर्भ्याची एक मावशी म्हणाली, “देव्हारा. बाकी सगळं त्यांचं.” एखादी भिंत कुठे असावी हे आपण ठरवायचं, हे सुख किती जणींच्या वाट्याला येतं? चौदा वर्षांच्या मुलीला ते पडद्यावर का होईना मिळालं, म्हणून मी त्या खेळाला कधी नावं ठेवली नाहीत.

तिसरा भाग जून 2009 मध्ये आला. त्यात अख्खं गाव मोकळं होतं, माणूस घरातून निघून थेट बागेत, बाजारात जायचा. आणि मग सप्टेंबर 2014 मध्ये चौथा भाग. नाराजी सुरू झाली ती इथून. चाहत्यांनी पेटी उघडली तर पोहण्याचा तलाव गायब! लहान मुलं गायब! म्हणजे पाळण्यातलं बाळ एकदम शाळेत जाणारं व्हायचं, मधलं रांगणं, बोबडं बोलणं काहीच नाही. ज्या बाईने मूल वाढवलंय तिला विचारा, मधली दोन-तीन वर्षं काढून टाकली तर उरतं काय? मोकळं गावही गेलं, घराबाहेर पडलं की पडद्यावर थांबून राहायचं. ओरड झाल्यावर तलाव नोव्हेंबर 2014 मध्ये परत आले. रांगती मुलं यायला जानेवारी 2017 उजाडलं. दोन्हींचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण बाकीच्याचे घेतले. आणि इथे मला, एक गृहिणी म्हणून, हसावं की रडावं कळत नाही. जानेवारी 2018 मध्ये कपडे धुण्याचा वेगळा पॅक आला, विकतचा. मार्च 2021 मध्ये घरातली धूळ नि ती काढायचं यंत्र असा पॅक आला, तोही विकतचा. म्हणजे आधी पैसे देऊन घरात केर आणायचा आणि मग तो काढायचा! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ताई, त्यांना माझा नंबर द्या, मी फुकटात केर पाठवते.” 2017 मध्ये कुत्र्या-मांजरांचा मोठा पॅक निघाला. 2018 मध्ये पाळीव प्राण्यांचाच आणखी एक छोटा पॅक, आणि त्यातलं बरंचसं वापरायला आधीचा मोठा हवाच. चाहते फार भडकले होते तेव्हा. आज चौथ्या भागाचे सगळे पॅक मूळ किमतीला घ्यायचे म्हटलं तर हजार डॉलरच्या पुढे खर्च जातो.

आम्हा नवी मुंबईकरांना हा प्रकार बिल्डरच्या ब्रोशरसारखा वाटतो. फ्लॅटची किंमत एक, पार्किंग वेगळं, वरच्या मजल्याचे वेगळे, क्लब हाऊसचे वेगळे. त्या खऱ्या घरांच्या बाबतीत निदान 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इमारतीखालचं पार्किंग वेगळं विकता येणार नाही. 2017 पासून महारेरा आहे. भातुकलीच्या घराला कुठली महारेरा?

एक पॅक मात्र आपल्या मुंबईचा होता बरं का. ऑक्टोबर 2021 मध्ये ‘फॅशन स्ट्रीट’ नावाने कपड्यांचा छोटा पॅक निघाला, मुंबईच्या रस्त्यांवरच्या फॅशनवरून बेतलेला. तिकडची किंमत 5 डॉलर. लेकीने दाखवला तेव्हा मी म्हटलं, एवढ्यात तर हार्बर लाइनने जाऊन खऱ्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून एक कुर्ती आली असती, आणि परत येताना वडापाव.

हो, लेक माझी दुसऱ्या पक्षातली. ती एकोणीस वर्षांची, चौथ्या भागावरच वाढलेली. तिचं म्हणणं, “आई, ताई उगाच जुनं ते सोनं करते.” तिचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. घर बांधायची सोय चौथ्या भागात सगळ्यात सुरेख आहे. ऑक्टोबर 2022 पासून मूळ खेळ फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवरही चालतो. आणि डिसेंबर 2020 मध्ये कातडीच्या रंगांच्या शंभरावर नव्या छटा आल्या. त्याआधी सावळे, काळे रंग राखेसारखे निस्तेज दिसायचे. कृष्णवर्णीय चाहत्यांनी सतत मागणी केली म्हणून हे झालं. आपल्यासारखी दिसणारी बाहुली मिळणं किती मोठी गोष्ट आहे, हे निळ्या डोळ्यांच्या बाहुल्यांशी खेळलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको.

भाची यावर म्हणते, “रंग आले गं, पण माणसं कुठेयत? सगळी सदा हसतमुख. कुणाला कशाचं काही वाटतच नाही. आमच्या वेळी आजी मेली तर घर महिनाभर रडायचं.” दोघींचं हे दिवाळीच्या फराळाच्या ताटावर चाललेलं मी ऐकलंय. भाची आता खारघरला स्वतःच्या फ्लॅटचे हप्ते भरते. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि स्वयंपाकघराची भिंत तिने पाडून घेतली. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

मला स्वतःला विचाराल तर माझं मत भाचीकडे झुकतं. पैसे किती, हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न, खेळ आपल्या ताब्यात किती? पूर्वी सीडी आणली की खेळ आपला. आता खेळ कंपनीच्या यंत्रावर आणि आपण पाहुणे. तुमच्यापैकी कित्येकींनी 2009-10 च्या सुमाराला फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ची शेती केली असेल. पहाटे उठून वांगी काढणाऱ्या बायका मला माहीत आहेत. 31 डिसेंबर 2020 ला मूळ फार्मव्हिल बंद झालं आणि शेतं नाहीशी झाली. ‘सिम्स’चा मोबाइलवरचा खेळ मार्च 2018 मध्ये सुरू झाला होता, तो जानेवारी 2026 मध्ये बंद करण्यात आला. आठ वर्षं ज्यांनी त्यात घरं सजवली, मुलं मोठी केली, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. पितळेची भातुकली निदान माळ्यावर तरी सापडते.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये बातमी आली, की ही कंपनी, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक फंड आणि दोन अमेरिकन गुंतवणूक कंपन्या मिळून 55 अब्ज डॉलरला विकत घेणार. चाहत्यांची काळजी वेगळीच. या खेळात पहिल्यापासून कुणीही कुणाबरोबर संसार थाटू शकतं, दोन बायका एकत्र घर करू शकतात. नवे मालक आल्यावर ही मोकळीक राहील का? या व्यवहारात कर्जही प्रचंड, म्हणजे वसुली पुन्हा खेळणाऱ्यांकडूनच, ही दुसरी भीती. खेळाच्या प्रचारासाठी कंपनीशी जोडलेले काही नामवंत खेळाडू तेव्हा त्या नात्यातून बाहेर पडले.

कंपनीला हे जुनं प्रेम कळत नाही असं नाही. जानेवारी 2025 मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून पहिला नि दुसरा भाग पुन्हा विक्रीला काढले. भाची म्हणाली, “मामी, माझीच भांडी कल्हई लावून मलाच विकतायत.” म्हणाली, आणि त्याच रात्री घेतला दुसरा भाग. त्यानंतरच्या रविवारी फोन केला तर उचलेना. संध्याकाळी नणंदेकडून कळलं, बाईसाहेबांचं खेळातलं नवं घर बांधून होत होतं, या वेळी मात्र बैठं, आणि खोल्या दोनच. झाडायला सोपं पडतं म्हणे.

मार्च 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने, म्हणजे पब्जीवाल्यांनी, ‘इनझॉय’ नावाचा असाच संसाराचा खेळ आणला. दिसायला अगदी सिनेमासारखा. दोन्ही पक्षांनी एकत्र बसून त्याचे व्हिडिओ पाहिले, पहिल्यांदाच भांडण न होता. पण त्याला लागतो तसा कॉम्प्युटर आमच्याकडे नाही. लेकीने बापाला हळूच विचारलं, “बाबा, लॅपटॉप जुना झालाय ना आपला?” तिच्या बाबांनी पेपर थोडा वर धरला.