कृत्रिम गुडघ्याची अस्थिरता

गुडघा म्हणजे एक बिजागरी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी होय. बिजागरीची पाती खिळ्याने जखडलेली असतात; मांडीचे हाड मात्र नडगीच्या हाडावर नुसते टेकलेले असते. त्यांना एकत्र ठेवतात ते अस्थिबंध : दोन्ही बाजूंस एकेक आणि सांध्याच्या आत परस्परांना छेदणारे दोन.

कृत्रिम सांधा बसविताना झिजलेल्या हाडांची टोके कापून तेथे धातूचे भाग बसवितात व मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवतात. आतील अस्थिबंधांपैकी पुढचा बहुधा काढावा लागतो. मागचा काही शल्यविशारद राखतात, काही राखत नाहीत. इन्सॉल व बर्स्टीन यांनी न्यूयॉर्क येथे १९७८ साली प्रचारात आणलेल्या सांध्यात त्याचे कार्य चकतीवरील एका उंचवट्याकडे सोपविलेले होते. बाजूचे अस्थिबंध मात्र रोग्याचे स्वतःचेच राहतात आणि नव्या सांध्याचे स्थैर्य मुख्यतः त्यांच्यावरच अवलंबून असते.

म्हणून हाडे कापल्यावर उरणारी पोकळी, पाय सरळ असताना आणि गुडघा काटकोनात वाकविला असताना, सारखी असावी लागते. सरळ स्थितीत ती योग्य, पण वाकलेल्या स्थितीत मोठी राहिली, तर मोठी फसगत होते. रोगी पाय पसरून निजला असता सांधा घट्ट लागतो; क्ष-किरण चित्रही पुष्कळदा निर्दोष दिसते. तोच रोगी जिना उतरताना कठडा सोडू शकत नाही, आणि त्याच्या गुडघ्यात वारंवार पाणी साचते. अशी तक्रार मनाचा खेळ म्हणून बाजूला सारली जाण्याचा संभव असतो. वास्तविक गुडघा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, तर तिचे सरकणे हाताला कळते.

सौम्य अस्थिरतेत मांडीच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. अधिक असल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मात्र केवळ जाड चकती घालून भागत नाही, कारण मग पाय पूर्ण सरळ होत नाही. मग सरळ बिजागरीच का बसवू नये? स्वीडनमधील वॉल्डिअस यांनी १९५०च्या सुमारास तसा सांधा केला होता. परंतु चालताना गुडघा थोडा पिळतोही. ताठर बिजागरीत तो पीळ हाडातील जोडावर येतो आणि सांधा सैल होतो. पुढे निघालेल्या बिजागऱ्यांत म्हणूनच थोडे फिरण्याची सोय ठेवलेली असते, आणि तरीही बाजूचे अस्थिबंध निकामी झाले असतील तेव्हाच त्या वापरणे इष्ट मानतात.