माळ्यावरच्या तबकड्या

हजीऱ्याच्या आमच्या वसाहतीत जॅझ-फंक म्हटलं की विचारतात, "हे काय नवीन?" नवीन कसलं, सत्तरच्या दशकातलं आहे! जॅझची मोकळी बढत आणि खाली बास-ड्रमचा घट्ट ठेका. पहिल्या मात्रेवर जोर. आपली समच समजा.

आनंद शंकर यांची १९७५ची 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' ही एलपी आधी ऐका. 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'मध्ये सतार त्या ठेक्यावर अशी काही चालते! मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांची १९७६ची 'द डेव्हिल इज लूज'ही तशीच. अशा मूळ प्रतींना आज परदेशी संग्राहक भरपूर पैसे मोजतात आणि आपण माळ्यावरचा गठ्ठा न बघता भंगारवाल्याला देतो. सुट्टीत गावी गेलात तर आधी तो उतरवा.

विकत घेताना कव्हरला भुलू नका. तबकडी उजेडात तिरकी धरा. केसासारखे ओरखडे चालतात. नखाला अडकणारा ओरखडा सुई उडवतो. मग शेवटचं गाणं लावायला सांगा. फेरे मिनिटाला ३३⅓च, पण आतला फेरा लहान, त्यामुळे आवाजाची धार तिथे मुळातच कमी असते. झीजही तिथेच आधी कळते. मूळ प्रत परवडत नसेल तर नवी आवृत्ती घ्या, माझ्या मते त्यात कमीपणा नाही.

इथल्या दमट खाऱ्या हवेत कव्हरला बुरशी धरतेच. म्हणून तबकड्या उभ्या, भिंतीपासून दूर ठेवा. आणि आजोबांच्या ७८च्या लाखेच्या तबकड्या स्पिरिटने मुळीच पुसू नका, लाख विरघळते.