कॅनन : एका नावाचा उलटा प्रवास

लग्नकार्यात फोटोग्राफरच्या गळ्यातल्या पट्ट्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले ‘कॅनन’ हे नाव आपण सर्वांनीच वाचलेले असते. मुलांना विचारले, तर शब्दाचा अर्थ ‘तोफ’ असे सांगून मोकळी होतात. तोफेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘एन’ शेजारी शेजारी लागतात, कॅमेऱ्याच्या नावात एकच. आणि मुळात हे नाव तोफेच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. ते करुणेचे नाव आहे, आणि त्याचे मूळ जपानात नसून आपल्या देशात आहे.

गोष्ट सुरू होते १९३० च्या सुमाराच्या टोकियोत. छोटा, खिशात मावणारा आणि सिनेमाच्या फिल्मवर चालणारा ‘लायका’ हा जर्मन कॅमेरा तेव्हा जगभर गाजत होता. १९३२ मध्ये आलेल्या दुसऱ्या लायकाची जपानातली किंमत होती ४२० येन. नावाजलेल्या बँकेत नोकरीला लागलेल्या पदवीधराचा सुरुवातीचा पगार महिना ७० येन. म्हणजे सहा महिने उपाशी राहावे, तेव्हा एक कॅमेरा! गोरो योशिदा नावाच्या तरुणाने एक लायका मिळवला आणि सरळ उघडून त्याचा सुटा सुटा भाग केला. योशिदाचे रीतसर शिक्षण अर्धवट राहिले होते, पण सिनेमाचे कॅमेरे दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला होता. पुढे आठवण सांगताना तो म्हणाला होता, की आत पितळ, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, रबर एवढेच निघाले, हिरेबिरे काही नव्हते. मग एवढी किंमत कशाची, याचा त्याला राग आला. हाच राग पुढच्या सगळ्या उद्योगाचे मूळ आहे.

नोव्हेंबर १९३३ मध्ये योशिदा आणि त्याचा मेहुणा साबुरो उचिदा यांनी टोकियोच्या रोप्पोंगी भागात एका तीन मजली इमारतीत खोली घेऊन ‘सेइकी कोगाकु केन्क्युजो’ सुरू केले. अर्थ लावायचा तर ‘सूक्ष्म प्रकाशयंत्र संशोधनशाळा’. नाव भारदस्त, कारभार खोलीएवढा. ताकेशी मिताराई हा उचिदाचा मित्र प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर होता. तोही पैशाच्या मदतीसाठी पुढे आला.

योशिदा ‘कान्नोन’चा भक्त होता. कान्नोन म्हणजे जपानी बौद्धांची करुणामूर्ती. दुःखी माणसाने हाक मारली की धावून येणारी, हजार हातांनी मदत करणारी. आपल्या कॅमेऱ्याला त्याने हेच नाव दिले, त्या काळच्या रोमन लिखाणाप्रमाणे ‘क्वानोन’. बोधचिन्हात हजार हातांची कान्नोन आणि भोवती ज्वाळा. भिंगाचे नाव तर आपल्याला जास्तच ओळखीचे वाटेल : ‘काश्यप’. आपल्याकडे पूजेला बसल्यावर गोत्र आठवले नाही की भटजी काश्यप गोत्र लावून पुढे सरकतात. पण हे ते ऋषी नव्हेत. हे बुद्धाचे शिष्य महाकाश्यप. बुद्धाने एकदा काही न बोलता नुसते एक फूल वर धरले. सगळी सभा गोंधळली आणि एकट्या महाकाश्यपांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, अशी झेन परंपरेतली कथा आहे. भिंगाला याहून चांगले नाव कोणते द्यावे?

जून १९३४ च्या ‘असाही कॅमेरा’ मासिकात क्वानोनची जाहिरात आली. तिचा आशय असा : पाणबुडी आमची ‘आय’ जातीची, विमान आमचे ९२ नमुन्याचे, कॅमेरा आमचा क्वानोन, सगळी जगात पहिली. करुणेच्या देवतेला पाणबुडी आणि लढाऊ विमानाच्या पंगतीत बसवलेले पाहून आज आपण चमकतो. मांचुरिया गिळून जपानला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. देशाभिमान, भक्ती आणि धंदा ही तिन्ही एकाच जाहिरातीत कशी गुण्यागोविंदाने नांदू शकतात, याचा हा नमुना इतिहासाच्या वर्गात दाखवण्यासारखा आहे. गंमत म्हणजे जाहिरातीतला हा कॅमेरा कधी विक्रीला आलाच नाही.

आता या शब्दाच्या मागे मागे चालत जाऊ. जपानी ‘कान्नोन’ आला चिनी ‘कुआन-यिन’वरून, आणि कुआन-यिन हे भाषांतर आहे आपल्या अवलोकितेश्वराचे. ‘अवलोकन’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच चालतो, तेव्हा फोड करून सांगायला नको. खाली, जगाकडे पाहणारा ईश्वर तो अवलोकितेश्वर. मग चिनी नावात ‘यिन’, म्हणजे आवाज, कुठून आला? जुन्या हस्तलिखितांत हे नाव ‘अवलोकितस्वर’ असे सापडते. ईश्वर नव्हे, स्वर! इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले, त्यात ‘जगाचे आवाज न्याहाळणारा’ अशा अर्थाचे नाव आहे. सातव्या शतकात ह्यु-एन-त्संगाने हे भाषांतर चुकीचे ठरवले आणि ईश्वर धरून नवे नाव सुचवले. पंडिताचे म्हणणे पंडितांनी ऐकले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच राहिले. हाक ऐकणारा देव लोकांना जवळचा वाटला असणार.

हा ह्यु-एन-त्संग म्हणजे तोच, जो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. ज्या डोंगरातल्या विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले, ते अजिंठ्याचे असावे असे विद्वान मानतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ हाती घेतलेला पद्मपाणी हा अवलोकितेश्वरच. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात तो अकरा मुखांचा आहे. आणि कर्नाटकातही तो होताच. मंगळूरला कद्री मंजुनाथाच्या दर्शनाला जाणारी कितीतरी कुटुंबे आपल्या भागात आहेत. त्याच देवळात तीन मुखांची, सहा हातांची लोकेश्वराची ब्राँझ मूर्ती आहे. आळुप राजा कुंदवर्म्याने ती इ.स. ९६८ मध्ये स्थापन केल्याचे पीठावरचा लेख सांगतो. लोकेश्वर हे अवलोकितेश्वराचेच दुसरे नाव.

येथे दोन्ही भाषा येणाऱ्या वाचकाला एक मोह होईल. कन्नडमध्ये डोळ्याला ‘कण्णु’ म्हणतात. कण्णु, कान्नोन, कॅनन, किती छान जुळते! पण हा निव्वळ योगायोग आहे. असल्या जुळणीवर लेखच्या लेख उभे करणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

मग क्वानोनचा कॅनन का झाला? कॅमेरा जगभर विकायचा, तर नाव जगाला पेलणारे हवे, असे मंडळींना वाटले. जपानबाहेर कान्नोन कोणाला माहीत? ‘कॅनन’ हा युरोपीय भाषांतला जुना शब्द. प्रमाण, मानदंड, धर्मग्रंथांचा अधिकृत संग्रह असे त्याचे अर्थ. मापनयंत्रासारख्या नेमक्या वस्तूला शोभणारा, आणि उच्चार जवळजवळ तोच. २६ जून १९३५ रोजी ‘कॅनन’ या व्यापारी चिन्हासाठी अर्ज झाला. देव गेला, आवाज राहिला. धंद्याच्या दृष्टीने निर्णय चोख होता, यात शंका नाही. पण ज्याच्या भक्तीतून मूळ नाव आले, तो योशिदा तोवर तेथे नव्हताच. १९३४ च्या शरद ऋतूतच तो संस्था सोडून गेला होता. कंपनीच्या इतिहासात त्याच्या वाट्याला पहिले पान आले, पुढची नाहीत.

१९३६ मध्ये पहिला कॅमेरा ‘हंसा कॅनन’ नावाने बाजारात आला. किंमत २७५ येन. ‘हंसा’ वाचून आपल्याला पक्षी आठवेल, पण ते विक्री करणाऱ्या ओमिया या व्यापाऱ्यांचे चिन्ह होते. आजच्या फोटोग्राफरांना खरी मौज वाटेल ती पुढेच : या कॅमेऱ्याचे भिंग होते ‘निक्कोर’. ज्या निप्पोन कोगाकु कंपनीने ते पुरवले, ती म्हणजेच पुढची निकॉन. कॅनन चांगला की निकॉन, यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

१९४० मध्ये कंपनीने क्ष-किरण चित्रणाचा कॅमेरा तयार केला. क्षयरोगाच्या सामुदायिक तपासणीत अशा यंत्राचा मोठा उपयोग होता. डॉक्टर मिताराई १९४२ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. देवतेचे नाव पुसल्यावर तिचे काम थोडेफार कोणी केले असेल, तर या यंत्राने. युद्धानंतर, १९४७ मध्ये, कंपनीनेही कॅमेऱ्याचेच नाव घेतले आणि ती ‘कॅनन कॅमेरा कंपनी’ झाली. १९६९ मध्ये त्यातला ‘कॅमेरा’ गळाला, कारण तोवर इतर यंत्रेही बनू लागली होती.

आपल्या सीमाभागात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, याकडे लहान मुलाचेही लक्ष असते. मराठीत आपण ‘कॅमेरा’ लिहितो, कन्नड पाटीवर तोच ‘क्यामेरा’ होतो. जपानीतही कॅननचा उच्चार कन्नडच्या वळणाने ‘क्यानोन’ असा होतो. तो दाखवायचा तर त्यांच्या लिपीत ‘या’ हे अक्षर लहान काढावे लागते. कंपनी मात्र ते पूर्ण आकाराचे काढते. लिहिते ‘कियानोन’, वाचते ‘क्यानोन’. कंपनीने दिलेले कारण असे, की लहान अक्षराच्या वर मोकळी जागा राहते आणि नावात भोक पडल्यासारखे दिसते. व्याकरणापेक्षा डोळ्याला प्राधान्य! कॅमेरा करणाऱ्यांना एवढी सूट द्यायला हरकत नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलात, तर पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला पद्मपाणी आहे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर खाली. त्याच्यासमोर नेहमी गर्दी असते आणि गर्दीच्या हातांत कॅमेरे असतात. त्यांतल्या काहींवर त्याचेच नाव आहे, हे मुलांना तेथेच सांगा. फ्लॅश मात्र वापरायचा नाही. तेथे त्याला मनाई आहे.