कुलूप शाबूत, घर रिकामे

घरफोडीची बातमी वाचताना एक वाक्य हमखास भेटते: 'बंद घराच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला.' हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यातली माहिती आपल्या लक्षात येत नाही. कुलूप फोडले, असे ते म्हणत नाही. कुलूप उघडले, असेही म्हणत नाही. अनेकदा कुलूप बंदच असते आणि उखडलेल्या कोयंड्यात तसेच लटकत असते. आपण पैसे खर्च करतो कुलपावर आणि चोर हात घालतो कोयंड्याला. असे का होते हे समजले, तर घर सांभाळण्याचे बरेचसे उपाय आपले आपल्यालाच सुचतात. त्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्या पुस्तकाबाहेरचे फारसे नाही.

तरफ आणि स्क्रू

चोराचे मुख्य हत्यार म्हणजे कटावणी. ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. समजा, कटावणी ६० सेंटिमीटर लांब आहे आणि तिचा टेकू टोकापासून ३ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे हाताकडची भुजा ५७ सेंटिमीटर आणि कोयंड्याकडची ३ सेंटिमीटर. यांत्रिक फायदा झाला १९. चोराने २५ किलो वजनाइतका जोर लावला, तर कोयंड्यावर जवळजवळ पावणेपाचशे किलो वजनाइतका जोर पडतो.

हा जोर सोसायचा कुणी? कुलपाचे पोलाद तो सोसेल. पण कोयंडा चौकटीला धरून ठेवतात ते तीन-चार छोटे स्क्रू. लाकडात घुसलेल्या स्क्रूची पकड त्याच्या आट्यांमध्ये अडकलेल्या लाकडाच्या तंतूंमुळे असते, आणि स्क्रू जितका खोल तितकी ती जास्त. २० मिलिमीटरच्या जागी ५० मिलिमीटर स्क्रू आत गेला, तर पकड ढोबळमानाने अडीच पट होते. याउलट घाईत असलेला सुतार स्क्रू पिळून बसवण्याऐवजी हातोडीने ठोकतो, तेव्हा आटे तंतूंना चिरत आत जातात. वरून स्क्रू घट्ट दिसतो, पण त्याची पकड खिळ्याइतकीच उरते. चौकटीला वाळवी लागली असेल तर तेवढीही नाही.

म्हणून पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. चौकटीत लांब स्क्रू आधी छिद्र पाडून पिळून बसवावेत. दाराच्या फळीत स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालावेत आणि आतल्या बाजूने रुंद पट्टी ठेवून त्यावर नट आवळावेत. आता कोयंडा उखडायचा, तर केवळ आट्यांतले तंतू तोडून भागत नाही. ती पट्टी लाकडातून ओढून काढावी लागते. जोर तोच, पण तो मोठ्या क्षेत्रफळावर विभागला गेला.

जुन्या वाड्यांतला अडसर हेच काम करी. दाराच्या आतून सरकवलेली ती जाड तुळई दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या खोबणीत बसे. बाहेरून पडणारा धक्का स्क्रूवर न पडता थेट भिंतीवर जाई. त्यात एकच उणीव होती. अडसर लावायला घरात माणूस लागे. आज नवरा-बायको दोघे कामाला आणि मुले शाळेत, अशी घरे दिवसभर बंद असतात. अडसराची जागा कुलपाने घेतली ती या कारणाने.

कुलूप किती वेळ टिकते?

कुलपाकडे वळू. किल्लीने फिरणाऱ्या सर्वसाधारण लॅचमध्ये एका ओळीत पाच खिट्ट्या असतात. प्रत्येक खिट्टी दोन तुकड्यांची असते आणि तिच्यावर स्प्रिंग असते. किल्लीचे दाते खिट्ट्यांना वेगवेगळ्या उंचीवर उचलतात. पाचही खिट्ट्यांमधल्या फटी एका रेषेत आल्या की आतला दंडगोल फिरतो. लायनस येल या अमेरिकन कारागिराने १८६०च्या दशकात या रचनेची पेटंटे घेतली. तिची मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे.

प्रत्येक दात्याच्या सहा उंची शक्य आहेत असे धरले, तर पाच खिट्ट्यांसाठी ६ × ६ × ६ × ६ × ६ म्हणजे ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्षात थोड्या कमी, कारण शेजारशेजारच्या दात्यांत फार मोठा फरक करता येत नाही. तरीही एवढ्या किल्ल्या घेऊन कुणी चोर दारात उभा राहणार नाही.

मग कुशल माणूस किल्लीशिवाय कुलूप कसे उघडतो? कोणतीही यंत्रे अगदी तंतोतंत अचूक छिद्रे पाडत नाहीत. त्यामुळे दंडगोलावर हलका ताण दिला, की पाचही खिट्ट्या एकदम अडकत नाहीत. आधी एक अडकते, ती जागेवर बसली की दुसरी. म्हणजे पाचही उंची एकाच वेळी ओळखायची गरज राहत नाही, एकेक करून ओळखता येतात. ६ × ६ × ६ × ६ × ६ ऐवजी ६ + ६ + ६ + ६ + ६, म्हणजे फार तर ३० प्रयत्न. गुणाकाराची बेरीज झाली. क्रमचय-संचय शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

न उघडणारे कुलूप असते का, या प्रश्नाचे उत्तर १८५१ साली लंडनमध्ये जाहीरपणे मिळाले. जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले होते आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस लावले होते. अनेक दशके ते कुणालाही जिंकता आले नाही. त्या वर्षी भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ तिथे आला. त्याने आधी चब या नामांकित कंपनीचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. नंतर ब्रामाचे कुलूपही उघडले. त्यासाठी मात्र त्याला सोळा दिवसांच्या काळात मिळून पन्नासएक तास खपावे लागले.

दोन्ही कुलपे उघडली, पण दोन्ही सारखी नव्हती. एकाने २५ मिनिटे दिली आणि दुसऱ्याने पन्नास तास. कुलपाचे मोजमाप करायचे ते असे. कुलूप चोराला कायमचे अडवत नाही, काही वेळ अडवते. दाराचा एकूण वेळ ठरतो तो त्यातल्या सर्वांत कच्च्या भागावरून. पन्नास तासांचे कुलूप दोन मिनिटांच्या कोयंड्यात अडकवले, तर दार दोन मिनिटांचेच होते. लटकत्या कुलपाच्या कडीलाही हाच नियम लागू आहे. कडीचा व्यास ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर असेल, तर कापायचे क्षेत्रफळ चौपट होते. बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांच्या बिजागऱ्याही तपासून घ्याव्यात. त्यांची खीळ बाहेर असते, आणि ती निघाली तर कुलपाला कुणी हातही लावत नाही.

मिळालेला वेळ कुणाच्या उपयोगाचा?

चोराची पाच मिनिटे जास्त गेली, पण त्या पाच मिनिटांत कुणाचेच लक्ष गेले नाही, तर ती वाया गेली. म्हणून वेळ वाढवण्याबरोबर चोर दिसणे आणि ऐकू येणेही वाढवावे लागते. दारापुढची दाट झुडपे छाटणे आणि जिन्यात दिवा ठेवणे हे साधे उपाय त्यासाठीच आहेत.

माणूस जवळ आला की आपोआप लागणारा दिवा हा त्यातलाच एक. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला शरीरातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. दिव्यातला संवेदक या प्रारणातला बदल ओळखतो. त्यामुळे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, माणूस आणि परिसर यांच्या तापमानात फरक असला, तरच बदल ठळकपणे जाणवतो. विदर्भातल्या मे महिन्यात भिंतीच ३५ अंशांवर असतात, तेव्हा संवेदकाचा पल्ला कमी होतो. दोन, खिडकीची काच हे प्रारण अडवते. संवेदक काचेच्या आत बसवला, तर अंगणातला माणूस त्याला दिसतच नाही.

कॅमेऱ्याचा उपयोग आहे, पण तो मुख्यतः घटना घडून गेल्यानंतरचा. शेजाऱ्यांचा उपयोग घटना घडत असताना होतो. गावाला जाताना शेजारी सांगून जाणे, आणि संशय येताच त्यांनी ११२ क्रमांकावर फोन करणे, हा वेळेचा खरा उपयोग आहे.

आपले घर काय सांगते?

दाराबाहेर लटकणारे कुलूप आणखी एक काम करते. आत कुणी नाही, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दाराच्या आत बसवलेले कुलूप असे काही सांगत नाही, कारण माणसे घरात असतानाही बाहेरून दार तसेच दिसते. दारात साठलेली वर्तमानपत्रे, तीन दिवस न झाडलेले अंगण, भर दुपारी जळत राहिलेला व्हरांड्यातला दिवा ही याच माहितीची रूपे आहेत. प्रवासातूनच मोबाइलवर टाकलेली सहलीची छायाचित्रेही त्यातच मोडतात. ती परत आल्यावर टाकली, तर सहलीचा आनंद कमी होत नाही. वर्तमानपत्र बंद करणे आणि दिव्याला संध्याकाळी लागून रात्री विझणारा टायमर लावणे, याला खर्च जवळजवळ नाही.

स्वतःला कोंडून घेऊ नका

चोराच्या भीतीने केलेले काही उपाय चोरापेक्षा जास्त घातक असतात. शहरांतल्या इमारतींत खिडक्यांना पेटीसारख्या पक्क्या जाळ्या बसवतात. आग लागली आणि जिना धुराने भरला, तर त्या जाळीतून आतल्या माणसांना बाहेर पडता येत नाही आणि अग्निशामक दलालाही आत येता येत नाही. प्रत्येक घरातल्या निदान एका जाळीला आतून उघडणारे दार असावे. त्याची किल्ली ठरलेल्या जागी, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या लहान मुलालाही सापडेल अशी ठेवावी. दाराला किंवा कुंपणाला घरातला वीजप्रवाह जोडणे तर कधीही करू नये. २३० व्होल्टचा धक्का चोर आणि चेंडू आणायला आलेले मूल यांच्यात फरक करत नाही.

वर्गात करून पाहा

कपड्यांचा लाकडी चिमटा घ्या. त्याच्या दोन्ही जबड्यांत समोरासमोर येतील अशा दोन ड्रॉइंग पिना टोचा. त्यांना तारा जोडून ९ व्होल्टची बॅटरी आणि बझर यांचे मंडल पूर्ण करा. पिनांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा आणि दोऱ्याने तो दाराला बांधा. दार उघडले की पुठ्ठा निघतो, पिना एकमेकींना टेकतात आणि बझर वाजतो.

आता मुलांना विचारा: चोराने तार कापली तर? बझर वाजणारच नाही. मग असे मंडल बनवता येईल का, की जे तुटल्यावरच वाजेल? एक रिले वापरून ते जमते. तारेतून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. त्याने रिलेची पट्टी ओढलेली राहते. तार तुटली की पट्टी सुटते आणि दुसरे मंडल बझर वाजवते. रिले आणि बझरची बॅटरी अर्थातच आतल्या खोलीत हवी. बाजारात मिळणाऱ्या अनेक धोकासूचक यंत्रांत हेच तत्त्व असते.

दुसरा उपक्रम शाळेतच करता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा महिना-दीड महिना बंद असते, आणि आत संगणक, दूरचित्रवाणी संच, सौर यंत्रणेच्या बॅटऱ्या असतात. सुट्टीपूर्वी मुलांचे गट करून प्रत्येक दार-खिडकीची नोंद करायला सांगा: कोयंड्याला स्क्रू आहेत की बोल्ट, स्क्रू हलतात का, बिजागरीची खीळ कुठे आहे, दार रस्त्यावरून किंवा जवळच्या घरातून दिसते का. नोंदी फलकावर मांडल्या की सर्वांत कच्ची जागा मुलेच दाखवतील. बहुतेक वेळा तिथे नवे कुलूप आणावे लागत नाही, चार लांब स्क्रू पुरतात.