एपी परीक्षा: बारावीच्या मुलांनी द्यावी का?

पदवीसाठी अमेरिकेला जायचं म्हणणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो, ‘एपी’ द्यायची का?

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. ‘कॉलेज बोर्ड’ ही अमेरिकी संस्था ती घेते. भारतातही केंद्रं आहेत. गुण १ ते ५.

फायदा काय? तिथली अनेक सरकारी विद्यापीठं ३ किंवा जास्त गुणांना क्रेडिट देतात. तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही, फी वाचते. डार्टमथसारखं नामांकित कॉलेज मात्र पदवीसाठी असं क्रेडिट देत नाही. फार तर वरच्या वर्गात बसू देतं.

अडचण वेळेची. बारावी बोर्ड, सीईटी, नीट हे सगळं त्याच दोन-तीन महिन्यांत येतं. दोन्हीकडे पाय ठेवला की दोन्हीकडचे मार्क घसरतात. इथेच शिकायचं असेल तर एपीच्या मागे लागायची गरज नाही.

जायचं पक्कं असेल तर आधी कॉलेजांची यादी करा, प्रत्येकाचा क्रेडिटचा नियम त्यांच्या संकेतस्थळावर वाचा. मग झेपतील असे एक-दोनच विषय निवडा. शेजारच्याने पाच दिले म्हणून आपणही पाच, असं नको.