आमराईसाठी गाडी घेताना

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर गेले, की मलिहाबादच्या दसहरी आंब्यांच्या बागा लागतात. तेथे आमराई असलेल्या एका मराठी स्नेह्यांनी मला विचारले, "घरची पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या एकाच गाडीतून न्यावयाच्या आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस घ्यावी की टोयोटाची हायलक्स?"

दोन्ही गाड्या डिझेलच्या व दुहेरी केबिनच्या. म्हणजे पुढे मोटारीसारखी पाच आसने आणि मागे उघडा हौदा. व्ही-क्रॉस २०२१ साली १.९ लिटरच्या एंजिनासह नव्या रूपात आली. तिची शक्ती १६३ अश्वशक्ती, टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. हायलक्स २०२२ साली भारतात आली, ती २.८ लिटर आणि २०४ अश्वशक्तीची. तिचा टॉर्क हाताच्या गिअरांसह ४२० आणि स्वयंचलित गिअरांसह ५००. टॉर्क म्हणजे चाकांना फिरविणारा पीळ. जड गाडी जागची हलविताना खरा उपयोग त्याचाच.

आकडे पाहून हायलक्सकडे मन ओढ घेते. पण हौदा किती भार वाहू शकेल, हे एंजिनावरून ठरत नाही. गाडीच्या कागदांत भारासह एकूण अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे वाहता येणारा भार. आणि त्यात बसणारी माणसेही आली. सरासरी सत्तर किलोंची पाच माणसे धरली, तर साडेतीनशे किलो तेथेच खर्ची पडतात. उरेल तेवढाच वाटा आंब्यांचा. मोठा हौदा पाहून जो पेट्या रचीत जातो, तो पाटे, ब्रेक आणि टायर यांवर अन्याय करतो, आणि आतल्या माणसांचा जीवही धोक्यात घालतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. दसहरीचा हंगाम जून-जुलैचा. त्याच सुमारास अवधात पाऊस येतो आणि गंगेच्या खोऱ्यातली गाळाची माती चिकट होते. अशा वेळी चारही चाकांना शक्ती देणारी रचना हवी. हायलक्स भारतात त्याच रचनेची आली. व्ही-क्रॉस दोन चाकांच्या शक्तीचीही मिळू शकते. म्हणून घेताना नीट विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट धुराची. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळावी म्हणून एंजिन काही काळ चांगले तापावे लागते. अमीनाबादच्या गर्दीत रोज दोन-दोन किलोमीटर हिंडणाऱ्या गाडीची गाळणी लवकर तुंबते. आग्र्याच्या द्रुतगती मार्गावरची एखादी लांब फेरी तिला मानवते. पाच मीटरांहून लांब असलेली ही गाडी गल्लीत वळविण्याचा प्रश्न वेगळाच!

स्नेह्यांनी कागद घेऊन हिशेब मांडला. वर्षातले मोजके दिवस पेट्या पुष्कळ, एरवी माणसेच. तेव्हा हंगामात पेट्यांसाठी भाड्याचा टेम्पो करावयाचा आणि चारही चाकांची व्ही-क्रॉस घ्यावयाची, असे ठरले. ज्याला वर्षभर जड ओझे ओढावयाचे आहे, त्याने हायलक्सचा विचार जरूर करावा. मात्र निवड करण्यापूर्वी घरातली माणसे बसवून, आपल्याच बागेच्या वाटेवर दोन्ही गाड्या चालवून पाहाव्यात. रिकामी गाडी मागच्या पाट्यांवर किती उसळते, हे शोभेच्या दालनात कधीच कळत नाही.