पाणी जातं कुठे?

होळीपासून दिवाळीपर्यंतचा काळ आमच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या दुखण्यात गेला. तक्रारी दोन होत्या. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी आठवड्या-आठवड्याला खाली जायची. साताऱ्यात ज्याला दाखवावी तो एकच सांगायचा, "साहेब, गाडी पाणी पितेय. हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवायला लागणार." त्या निदानातली घाई मला अजून खटकते. दोन तक्रारींना दोन वेगळी कारणं असतील, हे कुणी गृहीतच धरत नव्हतं.

गॅस्केटचा संशय अगदीच निराधार होता असं नाही. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जळतं, दाब वाढतो आणि उष्णताही. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. उरलेली सायलेन्सरमधून आणि पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात पद्मिनी गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसायच्या. थोडं थांबून पाणी ओतलं की पुढे निघायच्या. ॲल्युमिनियमचं हेड असलेलं टर्बो इंजिन एवढं सोसत नाही. एकदा नीट तापलं की हेड वाकतं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही गॅस्केटला नडतो. मग फेसिंग, नवे बोल्ट, नवं गॅस्केट. म्हणूनच पुरावा हातात आल्याशिवाय हेड खोलायचं नाही, यावर मी अडून बसलो.

आधी तापण्याचा माग काढला. महामार्गावर नव्वदच्या वेगाने काटा जागचा हलत नसे. उसाच्या ट्रॉलीमागे, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढलं की मात्र वर जायचा. ही खूण फार बोलकी आहे. वेगात गाडी तापली तर रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात का, वॉटर पंप पाणी फिरवतोय का, हे बघायचं. संथ चालीत तापली तर आधी हवेचा रस्ता बघायचा. गाडी ज्यांच्याकडे दिली त्या मिस्त्रींनी रेडिएटर बाहेर काढला आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीतून अक्षरशः गोधडी निघाली: धूळ, मेलेले किडे, पाचटाचे तंतू, सगळं एकमेकांत घट्ट विणलेलं. सर्व्हिसिंगला गाडी समोरून धुतली जायची, त्या फटीत कुणाचा हात गेलेलाच नव्हता. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या आडव्या होतात, म्हणून साध्या पाइपने मागून पुढे धुतलं. पंख्याचं व्हिस्कस कपलिंगही ढिलं होतं. तापलेल्या इंजिनावरही पंखा बोटाने गरगर फिरायचा. कपलिंग बदललं आणि खंबाटकीत काटा मध्यावर राहिला.

"थर्मोस्टॅटच काढून टाकू" हा सल्लाही मधे येऊन गेला. आपल्याकडे तो सर्रास अमलात येतो आणि तो चुकीचाच आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडणारी ती झडप काढली तर सपाटीवर इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त लागतं. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं.

तापणं थांबलं, पण पाणी जातच राहिलं. पावसाळ्यात गाडीखालची जमीन कायम ओली, त्यामुळे गळती शोधणं कठीण. पायाखालची मॅट कोरडी, म्हणजे हीटर ठीक. डिपस्टिकवर तेल स्वच्छ, त्यात दुधाळपणा नाही. बाटलीचं झाकण नवं बसवलं. हा भाग स्वस्त, पण मोलाचा: एक बार दाब धरला की नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकण दाब धरत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही पाणी उसळून जातं. तरी फरक पडला नाही. रोज सकाळी, थंड इंजिनावर, बाटलीवर मार्करने रेघ मारायला लागलो. काट्यापेक्षा ही रेघ भरवशाची. बऱ्याच गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, आणि पाणी फार उतरलं की सेन्सर वाफेत उघडा पडून काटा उलट खाली येऊ शकतो.

नवरात्रानंतर मिस्त्रींना म्हटलं, "आता प्रेशर लावूनच बघू." थंड इंजिनावर हातपंपाने एक बार दाब भरला. दाब हळूहळू उतरत होता, पण बाहेर कुठे थेंब नाही. म्हणजे गळती आत होती. बाटलीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालवलं. सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर या द्रवाचा रंग बदलतो. तो निळाच राहिला. एवढ्याने गॅस्केट पूर्ण निर्दोष ठरत नाही, पण संशय दुसरीकडे वळतो. शिवाय सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर यायचा आणि इंजिन तापलं की बंद व्हायचा.

उरला ईजीआर कूलर. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्याआधी तो इथे पाण्याने थंड होतो. एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला कूलंट, मधे पातळ पत्रा. वर्षानुवर्षं तापून-निवून तो तडकला की पाणी धुराच्या वाटेने निघून जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही. मिस्त्रींनी कूलरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून त्याला पाण्याच्या फेऱ्यातून वगळलं. पुढच्या दिवसांत रेघ जागची हलली नाही. मग कूलर उतरवून, पाण्याचं एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून हवा भरत बादलीत बुडवला. धुराच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

नवा कूलर बसला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरून आतली हवा काढली. हेडच्या एकाही बोल्टला पाना लागला नाही. होज अजून मूळचेच आहेत, क्लॅम्पपाशी दाबले की भेगा दिसतात. ते पुढच्या उन्हाळ्याआधी बदलायचे आहेत.